एक दोरी, दोन पंखे

देवळकोटचे सर्जेराव महाराज परीक्षेत दोनदा नापास झाले, आणि दरबारात हसायची कुणाची छाती होईना!

परीक्षा होती हरित वास्तूची. महाराजांनी नवी दगडी पेठ बांधून तिचे गाळे भाड्याने दिले होते. तिला हरित वास्तूचं प्रमाणपत्र मिळालं की शेजारचा राजा जळून खाक होणार, म्हणून हा सारा खटाटोप. आधी महाराजांनी अख्खी पेठ हिरवी रंगवून पाहिली. परीक्षक वामनबुवांनी रंगाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मालकाने स्वतः परीक्षा द्यायची, असा नियमच होता. ऊन, वारा, पाणी, सगळे धडे महाराजांनी घोकले. गाडी अडली ती हरित भाडेकरारावर. पहिल्या खेपेला त्यांनी ठणकावून सांगितलं, "हिरव्या शाईने लिहिलेला करार!" दुसऱ्या खेपेला म्हणाले, "हिरव्या कागदावर लिहिलेला!"

आता तिसरी परीक्षा उद्यावर आली होती. शास्त्रीबुवा घसा कोरडा करून समजावत होते. "महाराज, इमारत मालकाची, वापर भाडेकरूचा. गाळा गार राहावा म्हणून दोघांनी मिळून काय करायचं, ते करारातच ठरवायचं."

"पण मी का करायचं? गारवा भाडेकरूला! मी काय गाळ्यात झोपायला जातो?"

कोपऱ्यात छताच्या पंख्याची दोरी ओढत बसलेली मैना फिसकन हसली.

"कोण हसलं?" महाराज गरजले. "तू? मग आता तूच शिकव! पण या शास्त्र्यांनी बोलून बोलून माझे कान किटवलेत. तू एक शब्द बोलायचा नाहीस, एक अक्षर लिहायचं नाहीस. दिवेलागणीपर्यंत डोक्यात शिरलं तर मागशील ते देईन. नाही शिरलं, तर तुझ्या आईचा पेठेतला गाळा रिकामा!"

मैनेच्या हातातली दोरी थांबली. त्या गाळ्यात आईचा माग होता. गाळा पश्चिमेच्या तोंडाचा. दुपार कलली की भट्टी व्हायची, सूत कोरडं पडून तटातट तुटायचं. म्हणून आईने पंखेवाला ठेवला होता आणि विणकामातली निम्मी कमाई त्याच्या मजुरीत जायची. पण भट्टी असली तरी गाळा होता. तो गेला तर माग ठेवायचा कुठे?

"कबूल, सरकार," मैना म्हणाली. "फक्त मी नेईन तिथे यायचं आणि देईन ते हातात धरायचं."

"कबूल! आता तोंड बंद!"

मैना महाराजांना भर उन्हात थेट आईच्या गाळ्यावर घेऊन आली. पंखेवाल्याला तिने खुणेनेच उठवलं, बाहेरच्या ओट्यावर त्याच्या जागी महाराजांना बसवलं आणि भिंतीच्या भोकातून आलेली दोरी त्यांच्या हातात दिली. स्वतः आत जाऊन ऐसपैस पंख्याखाली बसली! आईने तर माग सोडून देवाचं नाव घेतलं.

महाराजांनी दोरी ओढली. आत पंखा हलला. मैनेने डोळे मिटून सुस्कारा सोडला. महाराजांच्या मिशीवरून घाम ठिबकू लागला.

"हा कुठला न्याय? घाम माझा आणि वारा तुला? मी कशाला ओढू?" त्यांनी दोरी टाकून दिली.

मैना बाहेर आली. तिने दारावरच्या उघड्या भिंतीकडे बोट दाखवलं, मग हातांनी वर छज्जा काढल्यासारखं केलं.

"छज्जा? मी घालू? खर्च माझा आणि सावली तुम्हाला? मी कशाला..." महाराज मध्येच थांबले. "अरेच्चा! हे तर मी सकाळीच म्हणालो!"

मैनेने नुसती मान डोलावली. मग तिने आईने विणलेलं नवं लुगडं एका काठीला बांधलं, काठी भिंतीबाहेर आलेल्या तुळईला महाराजांच्या डोक्यावर टांगली आणि तिला तीच दोरी जोडली. दोरीचं टोक पुन्हा त्यांच्या हातात दिलं.

महाराजांनी ओढली. आतला पंखा हलला, बाहेरचाही हलला!

"वा! आता ओढायला मजा आहे!" ते जोरात ओढू लागले आणि बोलू लागले. "म्हणजे छज्जा मी घालायचा. गाळा गार झाला की पंखेवाला नको. वाचलेली मजुरी निम्मी तुम्हाला, निम्मी मला. सूत तुटणार नाही, तुम्ही गाळा सोडून जाणार नाही, माझा गाळा ओस पडणार नाही. आणि हे सगळं करारात लिहायचं! अगं, इतकं सोपं?"

दुसऱ्या दिवशी वामनबुवांनी विचारलं, "हरित भाडेकरार म्हणजे काय?"

"एक दोरी, दोन पंखे!" असं म्हणून महाराजांनी छज्ज्यापासून मजुरीपर्यंत सगळं धडाधड सांगितलं. बुवांनी पगडी सावरली आणि प्रमाणपत्रावर शिक्का मारला.

"मैने, आता बोल! काय हवं?"

"काय मागू, सरकार? पेठेचं पाहून उद्या राजवाड्यालाही छज्जे लागतील. मग पंखा ओढायला मी कशाला? तुम्हाला पास करून मी माझीच नोकरी घालवली! वारा सगळा तुम्हाला, घाम तेवढा माझा. या दोरीला दुसरा पंखा कुठाय?"

महाराज पोट धरधरून हसले. हसता हसता त्यांनी पहिला छज्जा मैनेच्या आईच्या गाळ्याला लावायचा हुकूम सोडला आणि पेठेतले सगळे भाडेकरार ठरवायचं काम मैनेच्या हाती दिलं.

"आणि पहिला करार," मैना म्हणाली, "माझ्या पगाराचा!"