टोपलीभर न घासलेले गोटे

एका उतारावर एक गाव होतं आणि त्या गावाला एक पाटील होते. माणूस मोठा चांगला, पण स्वच्छतेचं भलतंच वेड. अंगणात एक पान पडलं तरी यांचा जीव वरखाली व्हायचा.

गावाचं सांडपाणी पूर्वी ओढ्यात जायचं आणि ओढा जायचा खालच्या गावात. खालची माणसं इतकी वैतागली, की त्यांनी वरच्या गावात लेकी द्यायचंच बंद केलं.

मग गावातल्या एका म्हाताऱ्या माळणीनं त्यावर तोडगा काढला. तिनं गावाच्या कडेला लांबलचक चर खणवून घेतला, तो गोट्यांनी भरला आणि वर कर्दळ लावली. सांडपाणी एका टोकानं शिरायचं, गोट्यांमधून रमतगमत जायचं आणि दुसऱ्या टोकानं नितळ होऊन ओढ्याला मिळायचं. वर्षभरात ओढ्याचा वास गेला. तेव्हा खालच्या गावातल्या एका शेतकऱ्यानं पाटलांना निरोप धाडला, "तुमच्या मुलाला माझी मुलगी द्यायची इच्छा आहे. पण आधी येऊन पाणी बघेन."

पाटलांना आनंद झाला, कारण मुलाच्याही मनात तीच मुलगी होती. ते लगबगीनं चरापाशी गेले, एक गोटा उचलला आणि नाक मुरडलं. गोटा काळा, बुळबुळीत, हाताला चिकटणारा.

"मावशी, हे पाहुण्यांना दाखवायचं? सगळे गोटे काढा आणि राखेनं घासा."

"पाटील, तो बुळबुळीत थरच तर पाणी साफ करतो," माळीण म्हणाली. "घाण तो खातो, म्हणून पाणी निवळतं."

"घाणीनं कधी घाण जाते का? काहीतरीच तुमचं."

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. गडी कामाला लागले. माळणीनं तेवढे टोपलीभर गोटे न घासता, ओल्या गोणपाटाखाली कर्दळीच्या सावलीत झाकून ठेवले.

चार दिवसांनी पाहुणे आले, तेव्हा चरातले गोटे कसे चकचकत होते. पाहुण्यांनी दुसऱ्या टोकाला ओंजळ धरली आणि लगेच झटकून टाकली. पाणी गढूळ होतं, वरून वासही मारत होतं.

"या चराची राखण कोण करतं?" त्यांनी विचारलं.

सगळे माळणीकडे बघायला लागले. पाटलांना नुसती मान हलवून दोष तिच्यावर ढकलता आला असता. सोयरीक गेली तरी निदान अब्रू राहिली असती. मुलगा शेजारीच उभा होता, चेहरा उतरलेला. त्याच्याकडे बघून पाटलांना फार वाईट वाटलं.

"राखण ती करते, पण बिघडवलं मी," ते म्हणाले. "ती नको नको म्हणत होती. मी ऐकलं नाही."

पाहुण्यांनी ओले हात उपरण्याला पुसले. मग "महिन्यानं पुन्हा येतो," एवढंच बोलून निघाले.

तेव्हा माळणीनं ती टोपली पुढे केली. "विरजण थोडंसंच लागतं, पाटील. हे गोटे सगळीकडे पेरायचे, म्हणजे थर बाकीच्यांनाही धरेल. मात्र त्याला निवांत राहू द्यायचं."

पाटलांनी धोतर खोचलं, चरात उतरले आणि एकेक गोटा स्वतःच्या हातानं लावला. मग रोज सकाळी येऊन बघायचे. घासायला हात शिवशिवायचे, पण बिचारे हात मागे बांधून उभे राहायचे.

महिन्यानं पाहुण्यांनी पुन्हा ओंजळ धरली, तर पाण्यातून तळहाताच्या रेषा दिसत होत्या. लग्न थाटात झालं.

आहेर काय करू, असं पाटलांनी व्याह्यांना विचारलं. ते म्हणाले, "सांडपाणी आमच्याही गावाला आहेच की. टोपलीभर गोटे द्या."

पाटलांनी ती टोपली दुसऱ्या कुणाला उचलूच दिली नाही. स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि ओढ्याकाठानं खालच्या गावाला निघाले. नव्याकोऱ्या फेट्यावर काळं पाणी ओघळत होतं, आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

तात्पर्य: दिसायला वाईट म्हणून काही टाकून देण्याआधी, त्यात राबणाऱ्याला विचारावं. आणि चुकलंच, तर आपलं चुकलं म्हणावं. बिघडलेलं तिथूनच सुधारायला लागतं.