बुटाखालचा राजगिरा

विज्ञानघराच्या भिंतीत एक मुंगी राहायची. एकदा तिला मिळाला राजगिऱ्याचा दाणा. एकच एक. तो घेऊन ती तारांगणातून निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

तेवढ्यात धप्प! दाण्यावर बूट!

बूट होता खुर्चीवरच्या निहारचा.

"निहारदादा, पाय उचल. माझा दाणा दे."

निहार म्हणाला, "इथं अंधुक आहे. मला भीती वाटते. तारे लागू देत, मग उचलतो."

मुंगी गेली तारेवाल्या मावशीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"मावशी, मावशी, तारे लाव.
निहार पाय उचलेना,
दाणा माझा सुटेना!"

मावशी म्हणाली, "उजेडात तारे दिसतात होय? दार लागू दे, मग लावते."

मुंगी गेली दारावरच्या मारुतीकाकांकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"काका, काका, दार लावा.
मावशी तारे लावेना,
निहार पाय उचलेना,
दाणा माझा सुटेना!"

काका म्हणाले, "वा गं शहाणे! बालवाडीची रांग बाहेर उभी. ती आत येऊ दे, मग लावतो."

मुंगी गेली बालवाडीच्या ताईकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"ताई, ताई, आत ये.
काका दार लावेनात,
मावशी तारे लावेना,
निहार पाय उचलेना,
दाणा माझा सुटेना!"

ताई म्हणाली, "एकोणीसच मुलं! विसावी ऋता कुठाय? एवढ्यांना सोडून शोधू कशी? ती येऊ दे, मग येते."

मुंगीने शोधलं. ऋता होती मोठ्या भिंगापाशी.

"ऋता, ऋता, रांगेत चल.
ताई आत येईना,
काका दार लावेनात,
मावशी तारे लावेना,
निहार पाय उचलेना,
दाणा माझा सुटेना!"

ऋता म्हणाली, "भिंगात छोटं मोठं दिसतं म्हणे. पण भिंगाखालचं झाडाचं पान कुणीतरी नेलं. काहीतरी दिसू दे, मग येते."

आता कुणाकडे जायचं? कुणी उरलंच नव्हतं.

मग ती स्वतःच भिंगाखाली गेली.

"अगं बाई! केवढ्या मिशा! केवढी मोठी तू!"

"मी?" मुंगी म्हणाली. तिला असं कुणी कधी म्हटलंच नव्हतं. ती जराशी थांबली. अजून जराशी थांबली.

"पाहिलंस ना? चल आता."

ऋता पळाली, धूम धूम!
वीस झाली, ताई आत आली.
काकांनी दार लावलं, खट्ट!
मावशीने बटण दाबलं, टिक!
छतभर तारेच तारे!

"अब्बब!" निहारने दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

मुंगीने दाणा उचलला. वर पाहिलं. बाप रे, वर किती दाणे!

"ते सगळे तुम्हाला," मुंगी म्हणाली. "हा माझा."

आणि गेली घरी. तुरुतुरु तुरुतुरु.