काजळीचा बांध

निळकुंडीच्या तळ्याकाठून जाणारी छोटी गाडी धारेखोल सोडते, पाण्याला वळसा घालते, कातळात कोरलेल्या घळीतून बाहेर पडते आणि मधेच उभी राहते. तिथे ना स्टेशन, ना फलाट. एका बाजूला तळे, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि समोर दगडी बांध. ड्रायव्हर शिट्टी वाजवत नाही. नवे प्रवासी खिडकीतून माना बाहेर काढून विचारतात, “काय झालं? सिग्नल नाही का?” मग कासरवाडीचे सोनूमामा ढेबे, जे या गाडीने वर्षानुवर्षे दूध नेतात, त्यांना हळू आवाजात सांगू लागतात.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. तेव्हा तळ्याच्या अल्याड कासरवाडी आणि पल्याड धारेखोल, मधे दोन दिवसांची डोंगरवाट. कासरवाडीत ठकूबाई नावाची गवळी धनगरीण होती. नवरा लवकर गेलेला. एकुलती एक लेक भागू धारेखोलात दिलेली. घरात माणूस नव्हते, पण गोठ्यात एकवीस म्हशी होत्या आणि त्यांची म्होरकी होती काजळी. गवळ्यांचा एक नेम असे. म्होरकीवर काठी उगारायची नाही. ती जिथे पाऊल टाकेल तिथे कळप जाईल, ती थांबेल तिथे माणसानेही थांबायचे. कारण पायाखालची जमीन माणसाच्या आधी म्हशीला कळते.

रूळ येणार म्हटल्यावर सगळ्यांत जास्त आनंद ठकूबाईला झाला होता. भागूला बाळ झाले होते, सव्वा वर्षाचे, आणि आजीने ते अजून पाहिले नव्हते. रूळ टाकणाऱ्या माणसांना ती रोज चरवीभर ताक नेऊन देई.

तळ्याच्या पाण्याची एक अरुंद फाट कासरवाडीच्या अलीकडे डोंगरात शिरली होती. तिच्यावर मातीचा भराव घालून बांध केला. बांध पुरा झाला त्या संध्याकाळी ठकूबाई म्हशी घेऊन त्यावरून घरी निघाली, आणि काजळी त्याच्या तोंडाशी थांबली. दुसऱ्या दिवशीही थांबली. तिसऱ्या दिवशी तिने पाय पुढे टाकला, माती हुंगली आणि मागे घेतला.

ठकूबाई कामावरच्या साहेबाकडे गेली. “साहेब, खालून पाणी माती खातंय. म्हस जात न्हाई.”

साहेब वाईट नव्हता. त्याने दोनदा रिकामे इंजिन नेऊन दाखवले. बांध हलला नाही. गावकरी मात्र हसून बेजार झाले. “ठकूआत्या, म्हशींना आधी तिकीट काढून दे, मग जातील!” एकदा तर ती स्वतः रुळावर उभी राहिली. इंजिन थांबले, चार माणसांनी तिला उचलून बाजूला केले आणि ड्रायव्हरला ताकीद मिळाली: पुन्हा या बाईसाठी थांबायचे नाही, शिट्टी दिली की ती सरकते.

पहिल्या गाडीचा दिवस उजाडला. धारेखोलची आणि वरच्या तीन वाड्यांची माणसे फुकट फेरीला बसणार होती. कासरवाडीच्या टेकाडावर ढोल वाजत होते. ठकूबाईने पुरणाचा घाट घातला होता, कारण भागू येणार असा निरोप आला होता. पण सकाळपासून तिचे लक्ष लागेना. ती म्हशी घेऊन बांधाकडे गेली, तर काजळी आज तोंडाशीही येईना. वीस हात अलीकडेच उभी राहिली, कान मागे पाडून.

आणि पाण्यापलीकडून गाडीचा धूर दिसला.

असे सांगतात की ठकूबाईला तेव्हा एवढेच सुचले: एका बाईसाठी गाडी थांबणार नाही, पण एकवीस म्हशींसाठी थांबेल. घळीतून बाहेर पडल्यावर थांबायला जागाच नव्हती. ड्रायव्हरला लांबून, पाण्यापलीकडून दिसत होता तो फक्त बांध. म्हशी बांधावरच हव्या होत्या.

तिने काजळीला हाक मारली. गोंजारले. पाया पडली. काजळी हलली नाही. गाडी वळसा घेऊ लागली तशी ठकूबाईने काठी उचलली आणि जन्मात पहिल्यांदा म्होरकीच्या पाठीवर मारली.

काजळीने मान वळवून तिच्याकडे पाहिले. मग ती चालू लागली, आणि तिच्यामागे सगळा कळप.

पलीकडून ड्रायव्हरला बांध काळा झालेला दिसला. त्याने ब्रेक ओढले. गाडी किंचाळत घळीच्या तोंडाशी येऊन थांबली. डब्यांतून हशा उठला. “आली बघा ठकूआत्या, वऱ्हाड घेऊन!” भागू बाळाला खिडकीत उंच धरून दाखवत होती.

तेवढ्यात बांध गेला.

आवाज झाला नाही म्हणे. मधली माती नुसती खाली बसली, रूळ दोरीसारखे लोंबले, आणि जिथे एकवीस म्हशी होत्या तिथे गढूळ पाणी फिरत राहिले. ढोल थांबले. गाडीतली दीडशे माणसे एकेक करून रुळावर उतरली. ज्याने वऱ्हाड म्हटले होते, त्याचे तोंड तसेच उघडे राहिले. कासरवाडीचे लोक टेकाडावरून धावत आले आणि पाण्याशी येऊन थबकले. साहेबाच्या हातातला नारळ कधी गळून पडला, त्याला कळले नाही.

भागू डोंगराकडून फाटेला फेरा घालून आईपाशी पोहोचली. तिने बाळ आईच्या मांडीवर ठेवले. ठकूबाईने नातवाकडे पाहिलेच नाही. ती पाण्याकडे बघत एकच म्हणाली, “मी तिला मारलं गं.”

पुढे दगडाचा बांध झाला. गाडी आली, ड्रायव्हर खाली उतरला आणि हात जोडून ठकूबाईपुढे उभा राहिला. “आत्या, जाऊ का?”

“मला काय इचारतोस?” ती म्हणाली. “जिला कळत हुतं ती पाण्यात हाय.”

काजळीची एक पारडी त्या दिवशी लहान म्हणून गोठ्यात बांधलेली होती, तेवढीच उरली होती. ठकूबाई तिला बांधापाशी आणू लागली. पारडी येई, उभी राही, परत फिरे. दिवस गेले, पाऊस गेला, गाडी काही बांधावर जाईना. वाड्यांवरची माणसे काकुळतीला आली. कुणी म्हणाले, “आत्या, हाण की एक!” त्यावर तिने हातातली काठी तळ्यात फेकली. मग एका सकाळी पारडी आपणहून पलीकडे चालत गेली. तिच्यामागून गाडी गेली.

आजही पहिल्या गाडीपुढे कासरवाडीच्या एका घरची म्हैस बांध ओलांडते, आणि तिच्यासोबतच्या माणसाचे हात मोकळे असतात. बहुतेक दिवशी ती रमतगमत जाते. पण एखाद्या दिवशी थांबते. तेव्हा कुणी हाक मारत नाही, कुणी घड्याळ बघत नाही. लेकुरवाळ्या बाया, म्हातारी माणसे, बाजारकरी, सगळे आपापली गाठोडी घेऊन खाली उतरतात आणि निमूटपणे डोंगराच्या वाटेने चालू लागतात.