गुणवंताचा फोन सुटला

टाकेवाडीत गुणवंत नावाचा एक भोळा पोरगा राहत होता. वय सोळा. उंचीनं बापाच्या वर गेलेला, पण ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण मान सदा फोनात खुपसलेली. आईनं दहा हाका मारल्या तरी त्याला ऐकू येत नसत. शेवटी ती स्वयंपाकघरातून ‘जेवायला ये’ असा मेसेज पाठवी, तेव्हा कुठं तो सोप्यातून उठे.

त्याची थोरली बहीण मंदा लग्नाची झाली होती. महिन्याभरात तिला बघायला पाहुणे यायचे होते. आईला घोर लागला. पाहुणे दारात उभे, आणि हा मान वर करून ‘या’ म्हणायचा नाही! कोण करेल अशा घरात सोयरीक?

ती शाळेतल्या वाघमोडे बाईंकडे गेली.

“फोननं बिघडलंय ना पोरगं?” बाई म्हणाल्या. “मग फोनच सुधारेल.”

त्यांनी त्याच्या फोनात ‘चारचौघं’ नावाचं ॲप घालून दिलं. माणसांत कसं वागावं, याचा एकेक धडा ते बोलून दाखवी. धडा जमला की हिरवी चांदणी. चुकला तर बाई स्वतः आवाज पाठवून समजावत.

घरच्यांचं गुणवंत ऐकत नसे. पण फोनचा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला नाही.

पहिला धडा आला. “बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघा.”

पारावर रावजी आजोबा काळा चष्मा लावून बसले होते. त्यांचे डोळे आले होते.

“आजोबा, चष्मा काढा.”

“का रं?”

“डोळ्यांत बघायचंय.”

आजोबांना बरं वाटलं. दोन दिवसांत कुणी विचारपूससुद्धा केली नव्हती. त्यांनी चष्मा काढला. गुणवंत नाकाला नाक लावून पाच मिनिटं बघत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याचे डोळे टोमॅटोसारखे झाले. मग मंदाचे. मग आईचे.

बाईंचा आवाज आला. “अरे, माणूस आजारी दिसला की लांब उभं राहावं. लांबूनच म्हणावं, ‘काळजी घ्या, लवकर बरे व्हा.’”

“बरं बाई.”

आठ दिवसांनी वेशीत वरात आली. नवरदेव घोड्यावर. घामानं निथळत होता, हात थरथरत होते, तोंडावर मुंडावळ्या. गुणवंतानं ओळखलं, आजारी आहे. तो उकिरड्यावर चढून ओरडला, “काळजी घ्या! लवकर बरे व्हा!”

नवरदेवाच्या मामानं त्याला ओढ्यापर्यंत पळवलं.

बाई म्हणाल्या, “अरे, ते लग्न होतं! लग्नात पुढं व्हावं, हात हातात घ्यावा, म्हणावं, ‘अभिनंदन! किती दिवस वाट बघत होतो.’”

“लग्न ओळखायचं कसं?”

“गर्दी असते. हार असतात. बायका डोळे पुसत असतात.”

“बरं बाई.”

दुसऱ्या दिवशी खालच्या आळीत गर्दी होती. हार होते. बायका डोळे पुसत होत्या. शिरपाअण्णा वारले होते, अठ्ठ्याण्णव वर्षांचे, पाच वर्षं अंथरुणात. गुणवंत गर्दीतून पुढं गेला. त्यानं अण्णांच्या मुलाचा हात हातात घेतला.

“अभिनंदन! किती दिवस वाट बघत होतो!”

मुलानं आधी मान डोलावली. मग तो भानावर आला आणि काठी शोधू लागला.

त्या संध्याकाळी बाईंचा आवाज पार बसला होता. “गुणवंता, आता तू आपणहून काही बोलूच नकोस. नीट ऐकत जा. आणि जे ऐकलंस, तेच परत म्हण. म्हणजे चुकायला जागाच नाही.”

“बरं बाई.”

रविवारी पाहुणे आले. मुलगा विलास, त्याचे वडील आणि आत्या. गुणवंत स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून नीट ऐकत होता. मग पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला.

आत्यानं सहज विचारलं, “काय म्हणतेय आई?”

“आई म्हणतेय, मुलगा बरा आहे, पण कान सुपाएवढे आहेत. पोहे शेजारनं आणलेत, हे कुणाला सांगू नका.”

आत भांडं पडलं. आईनं भिंतीला डोकं टेकवलं. तीन वर्षांत हे पहिलंच चांगलं स्थळ होतं. आत्या पदर सावरून उठू लागली. विलासचा हात आपोआप कानाकडं गेला.

“आणि... मंदा काय म्हणाल्या?”

“ताई म्हणाली, मोठे आहेत तेच बरं. माझं सगळं ऐकू तरी येईल.”

विलास खो खो हसला. आत मंदाही हसली, ते बाहेर ऐकू आलं. “आत्या, बस खाली,” तो म्हणाला. “मला पसंत आहे.”

लग्न झालं. बाईंना आनंद झाला. त्यांनी शेवटचा धडा पाठवला. “शाब्बास गुणवंता! आता ॲप काढून टाक. फोन कपाटात ठेव. घरात नवा माणूस आला की तो संकोचतो, एवढं ध्यानात धर. त्याला घटकाभरही एकटं सोडू नकोस. शेजारी बस, गप्पा मार.”

“बरं बाई.”

आता घरात येणारा नवा माणूस एकच होता. विलासदाजी.

मांडव परतणीला जावई घरी आले. गुणवंत त्यांच्या शेजारी जेवला, शेजारी झोपला. ते आंघोळीला गेले, तर मोरीच्या दाराबाहेर बसून त्यानं गावातल्या सगळ्या विहिरींची माहिती सांगितली. मंदा दोनदा चहा घेऊन आली, दोन्ही वेळा गुणवंत मधे होता.

दाजींनी कळ काढली. सकाळी दोघांना महाबळेश्वरला जायचं होतं. चार दिवस. दारात जीप आली. मंदा बसली, दाजी बसले, आणि दोघांच्या मधे पिशवी मांडीवर घेऊन गुणवंत बसला.

“गुणवंतराव, तुम्ही कुठं?”

“तुमच्याबरोबर. तुम्हाला एकटं वाटायला नको.”

“ताई आहे की तुमची!”

“ती एकटीच आहे. मी आलो की दोघं होऊ.”

दाजींनी आईकडं पाहिलं. आईनं बाईंच्या घराकडं पाहिलं. शेवटी दाजींनी खिशातून स्वतःचा कोरा करकरीत फोन काढला आणि गुणवंताच्या हातात ठेवला.

“हा तुमचा. कायमचा. चार दिवस उंबऱ्यावर बसून हवे तेवढे गेम खेळा. फक्त खाली उतरा.”

आईनं सगळं सोडून हात जोडले. “घे रे बाबा, घे! मी जेवायला मेसेज करीन!”

गुणवंतानं फोनकडं बघितलंसुद्धा नाही. तो दाजींच्या खिशात परत ठेवला, त्यांच्या गळ्यात हात टाकला आणि हसून म्हणाला, “नको दाजी. फोन सुटला माझा. आता मला माणसंच लागतात. ड्रायव्हरकाका, चला!”