बावीस वर्षांची वाटी

एका राज्यात राजा होता, प्रधान होता, तट होता, तळे होते. उसंत तेवढी नव्हती. शेते पिकत, परचक्र येत नसे, रोगराईही बेताचीच. तरी माणसे दिवसभर दातओठ खात फिरत. त्या राज्याला शाप होता, आणि शापही असा की दुसऱ्याला सांगायला जावे तर त्याला हसू यावे.

दूध नजर चुकवून उतू जाई, आणि टक लावून बसले तरी उतू जाई. सुईत दोरा शिरत नसे. शिरलाच तर तिसऱ्या टाक्याला गाठ बसे. कोणी हौसेने गुलाब लावावा, तर शेजाऱ्याच्या शेळीने नेमकी कळीच खावी. बुद्धिबळातला हत्ती हरवे, आणि तो सापडला की घोडा हरवे. मोरी एकाची असे आणि तुंबे दुसऱ्याच्या अंगणात. असे बावीस वर्षे चालले होते. एवढ्यातेवढ्याने कोणी मरत नाही, असे लोक म्हणतात. मी सांगतो, मरतात. वेळ लागतो इतकेच, आणि मग लोक कारण दुसरेच काही सांगतात.

त्या राज्यात रंभाजी नावाचा एक म्हातारा राहत होता. तीस वर्षे त्याने बुरुजावर पहारा केला, आणि अंग थकले तेव्हा सारंगी हाती घेतली. त्याला दरबार जिंकायचा नव्हता. त्याची बायको कमळजा लग्नाच्या नव्या नवलाईत जात्यावर एक ओवी म्हणत असे. ती ओवी एकदा, फक्त एकदा, अथपासून इतिपर्यंत तिला वाजवून दाखवायची, एवढाच त्याचा हट्ट होता. पण तिसऱ्या चरणाला तार तुटे. तार बदलावी, तर भिंतीपलीकडे शेजारीण तुळसाक्का उखळात मिरच्या कांडायला बसे. तिचे कांडण संपावे, तर रंभाजीला शिंका सुरू होत.

त्यातून घराचे दार अडे. रंभाजी बाहेरून येई तेव्हा खांदा लावून ते ढकली, दार उंबऱ्यावर खरडत करकरत उघडे, आणि तो घाईने वहाणांसकट आत येई. आतून कमळजा म्हणे, "अहो, वहाणा बाहेर काढा." तो म्हणे, "आधी दार उघडू दे तुझं!" यावरून दोघांची जुंपे. कधीकाळी तिला पाहताना ज्याचे पहाऱ्यावरून लक्ष उडे, त्या माणसाचे तिच्याशी बोलणे आता दार, वहाणा आणि मिरच्या यांवरच येऊन थांबले होते. हे त्याला कळत होते आणि थांबवता येत नव्हते.

एके दिवशी कमळजा अंथरुणाला खिळली. राजवैद्य आले. नाडी पाहिली, उठले, आणि औषधाची पुडी दारातच सांडली.

"किती दिवस?" रंभाजीने विचारले.

"येत्या पुनवेपर्यंत."

त्या दिवशी अष्टमी होती. रंभाजी मागल्या अंगणात जाऊन बसला. पुनव टळणार नाही, हे त्याला कळले होते. पण उरलेले दिवस कुरकुरीवाचून जावेत, तिला ओवी पुरी ऐकू यावी, एवढे तरी मिळावे, म्हणून तो लहान मुलासारखा रडला.

आता त्या नगरात एक टिटवी होती. रोज दिवेलागणीला ती महाद्वारावर बसून टिवटिव करी आणि नगराचे डोके उठवी. राजाच्या तिरंदाजांनी तिच्यावर बाण सोडले; ऐन वेळी प्रत्येकाच्या डोळ्यांत केर गेला. त्या सांजेला रंभाजीने सारंगी घेतली. तीन तारा तुटलेल्या होत्या, एक उरली होती. खुंटी पिळता पिळता तार टिटवीच्या स्वराला जाऊन भिडली, आणि टिटवी काय म्हणते ते त्याला समजले.

"वाटी द्या. आमची वाटी द्या," टिटवी म्हणत होती.

रंभाजी धावत महाद्वारी गेला. "कोणाची वाटी?"

"ऐकलंस एकदाचं!" टिटवी म्हणाली. "बावीस वर्षं घसा फोडतेय. नदीपलीकडे माझी मालकीण राहते, मायाविनी अंबुजा. या राजवाड्याच्या भिंतीला भिंत लावून तिचं घर होतं. तिनं राजमातेला वाटीभर खीर पाठवली. वाटी परत आली नाही. शाप तिथून आहे. तीन कामं कर. सात कुलपांआडची वाटी काढ, बोलकं रान ओलांड, सरकती नदी उतर. वाटी जिची तिला दे."

रंभाजी त्याच पावली राजाकडे गेला. राजा शीलध्वज तेव्हा वेडावाकडा झालेला पतंग गुडघ्यावर घेऊन बसला होता. पतंग करण्याचा त्याला नाद होता, आणि बावीस वर्षांत त्याचा एकही पतंग उडाला नव्हता.

"शाप वाटीचा आहे, महाराज."

राजाने पतंग खाली ठेवला. "मला आठवते ती वाटी," तो हळू म्हणाला. "शेजारची वाटी रिकामी परत करू नये, ही आपली रीत. मातोश्रींनी विचारले, आत काय घालावे? प्रधान म्हणाले, साखर घातली तर राजवाड्याला शोभत नाही. पुरोहित म्हणाले, मोती घातले तर शेजारणीला हिणवल्यासारखे होईल. दसऱ्याला बघू म्हटले. मग संक्रांतीला बघू म्हटले. पुढे इतके दिवस झाले की नुसते देणेच अवघड होऊन बसले. तेव्हा ती जपून ठेवली. खजिन्यात."

दुष्टपणा कोणाच्या मनात नव्हता, हे लक्षात घ्या. सारे वाड्याच्या मानापायी झाले होते.

नवमीच्या सकाळी रंभाजी खजिन्यापुढे उभा राहिला. सात कुलपे होती आणि एका जुडग्यात सातशे किल्ल्या. हवी ती किल्ली नेहमी शेवटची निघे; शेवटापासून सुरुवात करावी, तर ती पहिली असे. रंभाजीने रागावून पाहिले, जुडगा आपटून पाहिला, आणि अखेर किल्ल्या एकेक करून लावत बसला. दशमीच्या दुपारी सातवे कुलूप उघडले. माणकांच्या राशीवर, मखमलीच्या गादीवर, पितळेची एक लहानशी वाटी होती. काठाला पोचा आलेला होता.

"आता जातो," रंभाजी म्हणाला.

"थांबा!" प्रधान म्हणाले. "रिकामी कशी न्याल?"

आणि पुन्हा सभा बसली! आत काय घालावे? केशर घातले तर उशीर झाल्याची कबुली होते. खीर घातली तर उसने फेडल्यासारखे दिसते. बावीस वर्षांची वाटी, तिला साजेसे काही हवे. दशमी गेली, एकादशी गेली, द्वादशीही गेली. रंभाजी रोज सकाळी येई, खांबाशी बसे, संध्याकाळी घरी जाई. दार ढकलून आत गेला की कमळजा क्षीण आवाजात म्हणे, "वहाणा." एवढेच म्हणण्याइतकी ताकद तिला उरली होती. आणि सभेत बसून बसून चिडलेला हा माणूस तिच्यावर खेकसे. खेकसल्यावर त्याला स्वतःची शिसारी येई.

त्रयोदशीच्या पहाटे तो सभेत शिरला आणि गादीवरची वाटी त्याने उचलली.

"अजून ठरले नाही!" प्रधान ओरडले.

"महाराज, माझी बायको मरतेय," रंभाजी म्हणाला. "मी रिकामीच नेतो."

राजाने मान खाली घातली. "ने," तो म्हणाला.

घरी येऊन रंभाजीने तुळसाक्काला हाक मारली. "आक्का, दोन दिवस हिच्याजवळ बसा." तुळसाक्काने हात पुसले आणि मुसळ भिंतीला टेकवले. "जा भावजी," ती म्हणाली, "मी आहे." कमळजेला झोप लागली होती. तिला न उठवताच तो निघाला.

पहिल्या कोसावर वहाणेचा अंगठा तुटला, दुसऱ्यावर दुसऱ्या पायाचा. पुढे बोलके रान लागले. तिथल्या झाडांना तोंडे होती, आणि वाटसरूला सल्ला दिल्यावाचून ती राहत नसत. "डावीकडून जा," बाभूळ म्हणे. "आमच्या भाच्यानं उजवी वाट घेतली होती," हिवर सांगे. "या वयात कशाला निघालात? आणि बायको आजारी असताना?" असे बोरीने विचारले. जो वाद घाली त्याची वाट लांबे. शूर शूर वीर तिथे वर्षभर हुज्जत घालून परतले होते. रंभाजीला बोरीचा बोल लागला. पण वाद घालायला त्याच्याकडे दिवस नव्हते. "हो, बरं," तो म्हणाला. "बघतो," तो म्हणाला. चतुर्दशीच्या सकाळी रान संपले.

तिथे सरकती नदी होती. पाय घालायला जावे की ती हातभर मागे सरके, आणि मागची वाळू पायांना धरून ठेवी. सबंध दिवस तो तिच्यामागे चालला. पौर्णिमेची सकाळ उजाडली तेव्हा त्याचा धीर सुटला. तो नदीकडे पाठ करून वाळूत बसला आणि म्हणाला, "नको येऊस." तेव्हा हा काय करतो ते पाहायला नदी पुढे आली, आणि त्याच्या अंगाखालून वाहू लागली. तो उठला आणि पलीकडे उतरला.

ऐन माध्यान्ही तो मायाविनी अंबुजेच्या झोपडीपाशी पोहोचला. ती तांदूळ निवडत होती. भिंतीवर फळी होती. फळीवर पाच वाट्या होत्या आणि सहावीची जागा मोकळी होती.

"रिकामी आणलीस?" तिने विचारले.

"रिकामी आणली. आत काय घालावं ते ठरेना, म्हणून इतकी वर्षं राहिली."

"रिकामी चालली असती रे," अंबुजा म्हणाली.

तिने वाटी हातात घेतली. पोच्यावरून बोट फिरवले.

"माझी लेक याच वाटीत जेवायची. दुसऱ्या वाटीला हात लावत नसे. रोज रडायची, वाटी आण म्हणायची. मी रोज राजवाड्याच्या दारापर्यंत जायची आणि परत यायची. आपलीच वाटी मागायची कशी? लाज वाटते. घरी येऊन तिच्यावर ओरडायची. मग तिला ताप आला. तीन दिवसांत गेली. आमचं शेवटचं भांडणही वाटीवरूनच झालं. तेव्हा मी म्हटलं, या राज्याला मोठं दुःख नको. लहानच मिळू दे. सांगायला लाज वाटावी इतकं लहान, आणि रोज."

अंबुजेने उठून वाटी फळीवर तिच्या जागी ठेवली.

"शाप गेला," ती म्हणाली. "पळ."

तो पळाला. नदीने वाट दिली, झाडे गप्प राहिली, तुटलेल्या वहाणा पायांत धड झाल्या. तीन दिवसांची वाट त्याने दुपारभरात कापली. नगरात शिरला तेव्हा आभाळ पतंगांनी भरले होते, आणि राजवाड्याच्या गच्चीवर प्रत्यक्ष राजा मांजा सोडत होता. लोक एकमेकांच्या मोऱ्या साफ करत होते. महाद्वारावर टिटवी नव्हती.

घरापुढे माणसे बसली होती. त्याला पाहून सारे उठले. रंभाजीने दाराला खांदा लावला, तर दार नुसत्या स्पर्शाने उघडले आणि तो तोल जाऊन आत गेला. कमळजेला जमिनीवर ठेवले होते. उशाशी दिवा होता आणि तुळसाक्का होती.

"कधी?" त्याने विचारले.

"दुपारी, ऐन बाराला," तुळसाक्का म्हणाली. "भावजी, दार आपोआप उघडलं. वारा नव्हता. आवाजसुद्धा झाला नाही. तिला वाटलं, तुम्ही आलात. 'आले का?' म्हणाली. मी... मी हो म्हटलं. क्षमा करा मला."

"मग?"

"मग म्हणाली, 'वहाणा बाहेर काढा म्हणावं.' एवढंच. तेवढं म्हणून गेली."

रंभाजीने खाली पाहिले. वहाणा पायांत होत्या. तो मागे फिरला, उंबरा ओलांडून बाहेर गेला, वहाणा काढून त्याने भिंतीशी नीट जोडून ठेवल्या, आणि मग आत येऊन तिच्यापाशी बसला. सभेतले ते तीन दिवस त्याला पुढे कोणी परत केले नाहीत. कोण करणार?

स्मशानातून तो परतला. घरात चूल पेटायची नव्हती. तुळसाक्काने पिठले-भात आणला, वर वाटीत ताक आणले. रंभाजीने दोन घास गिळले, वाटी धुतली आणि तशीच तिच्या दारी नेली.

"रिकामी आहे, आक्का," तो म्हणाला.

"असू दे," तुळसाक्का म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.

हे राजाच्या कानी गेले. त्याने दवंडी पिटवली की यापुढे शेजारची वाटी ज्या दिवसाची त्या दिवशी परत जावी, भरली असो वा रिकामी. आजही त्या राज्यात तीच रीत आहे.

सारे सुरळीत झाले. दूध सायीसकट तापते, सुईत दोरा जातो, गुलाब फुलतात. आठ दिवसांत लोक शाप विसरलेही. रंभाजीने तेराव्यानंतर सारंगी काढली. पहिला चरण वाजला, दुसरा वाजला. तिसऱ्याला तो थांबून राहिला. तार तुटली नाही. भिंतीपलीकडे तुळसाक्का हातातले मुसळ उचलून धरून निमूट उभी होती. ओवी पुरी झाली, आणि घरात कोणी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने बाभळीची एक ढलपी तासली आणि दाराखाली खिळ्याने ठोकून बसवली. आता त्या राज्यात एकच दार अडते. म्हातारा बाहेरून येतो, वहाणा काढून भिंतीशी ठेवतो, दाराला खांदा लावतो, आणि दार खरडत करकरत उघडेपर्यंत आतल्या आवाजाची वाट पाहतो.