खोट्या राशीची टेकडी

समोर ती बोडकी टेकडी दिसते ना, पाहुणे, तिला आम्ही 'खोटी रास' म्हणतो. तिच्यावर कुणी शेळीसुद्धा चारत नाही. नाव घेताना मान खाली जाते. पण विचारलंत, तर सांगायलाच हवं.

फार पूर्वी इथल्या राजाने राज्य झटपट श्रीमंत करायचं मनावर घेतलं, असं सांगतात. बांध मोडून गावाचं एकच शिवार केलं, सगळं धान्य एकाच खळ्यावर आणायला लावलं आणि ऐन सुगीत धडधाकट माणसं कालव्याच्या कामावर नेली. पाऊस उत्तम झाला होता, हे ध्यानात ठेवा. कापायला माणूसच नव्हतं, म्हणून ज्वारी उभ्या उभ्या झडून गेली.

तरी हुकूम होता, की ज्या गावची रास मोठी त्या पाटलाला दरबारात मान. आमच्या हैबतराव पाटलाला मोह आवरला नाही. त्याने मुरमाचा डोंगर रचला आणि वर ज्वारी पसरली. पाट्या मात्र अख्ख्या गावाने वाहिल्या, एकट्या पाटलाला कशाला नावं ठेवायची?

राजा आला, रास पाहून हरखला. पाटलाच्या म्हाताऱ्या आईला, भिवराबाईला, त्याने विचारलं, "आजी, पोटभर मिळतं ना?"

खरं बोलावं तर लेकाचं मुंडकं जाणार.

"मिळतं जी, म्हाराज. खाऊन उरतंय."

सगळं गाव तिथे उभं होतं. कुणी तोंड उघडलं नाही. आम्हाला लाज वाटते ती त्या गप्प बसण्याची.

राशीच्या मानाने सरकारचा वाटा ठरला. तो भरताना बियाणंही गेलं. पौषातच चुली विझल्या. भिवराबाई मुरूम चाळून दाणे वेचायची, म्हणे. नातू मांडीवर गेला, तेव्हा ती तशीच उठून राजधानीला चालत गेली.

"म्या खोटं बोलले, म्हाराज. मुंडकं माजं घ्या, पन गावाला दाणं द्या."

राजा हसला. "म्हातारे, रास मी या डोळ्यांनी पाहिली आहे."

धान्य आलं नाही. अर्धं गाव मेलं, आणि नदी तर भरून वाहत होती.

आजही पाहुण्याला पाटावर बसवण्याआधी इथली बाई टोपलं उघडून भाकऱ्या दाखवते. आता जेवायला जाल, तिथेही दाखवेल. कमी असल्या तर तोंडावर सांगेल, "येवढंच हाय." तेव्हा संकोचाने 'भरपूर आहे हो' म्हणू नका. ती सांगते ते खरं माना.