मांडीवरचं मांजर

“मांजर राहणार की मी? एवढंच सांगा, माय.”

कुमुदिनीने हे विचारलं तेव्हा तिचे डोळे कुंकवासारखे लाल होते. नाक सोलवटलं होतं. श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजत होती.

आवडामाय ओसरीवर वाती वळत बसली होती. टेकडीवरचा तो लहानसा मठ तीच चालवायची. तिने वर पाहिलं नाही.

“भुरीने काय केलं?”

“काय केलं? रोज पहाटे माझ्या मांडीवर येऊन बसते! मला मांजराचं वावडं आहे, लहानपणापासून. एक केस नाकाजवळ आला तरी घसा आवळतो. रोज मरते मी तिथे, रोज!”

“मांड्या तर बसणाऱ्या तिघींनाही आहेत.”

“त्या दोघी चुळबुळतात. मांजराला स्थिर मांडी लागते. मी हलत नाही.”

शेवटचे तीन शब्द बोलताना तिची मान ताठ झाली. एवढ्या रागातही.

खोटं नव्हतं ते. मठाचा नियम कडक होता. मायचा अनुग्रह हवा, तर वर्षभर रोज पहाटे बसायचं. ऊन ओसरीच्या पायरीवर येईपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. एकदा मोडलं की पुन्हा पहिल्या दिवसापासून. बाकीच्या दोघींचं वर्ष तीनतीनदा मोडलं होतं. कुमुदिनीचे अकरा महिने सलग झाले होते. चोवीस दिवस उरले होते.

“ढकलायचंस तिला,” माय म्हणाली.

“आणि वर्ष मोडू?”

“मोडलं असतं.”

“म्हणजे माझा जीव गेला तरी चालेल?”

“असं मी म्हणाले?”

“तुम्ही काहीच म्हणत नाही!” कुमुदिनी उसळली. “अकरा महिने बघताय. डोळ्यांना धार, नाकाला धार. आंधळ्यालासुद्धा दिसलं असतं.”

“बायांना दिसतं,” माय म्हणाली.

कुमुदिनीची नजर आपल्या पायांकडे गेली.

खालच्या वाडीतल्या बाया दर गुरुवारी मठात यायच्या. डोळे मिटून निश्चल बसलेली, गालांवरून आसवं ओघळणारी ही पोर त्यांनी पाहिली आणि त्यांचे हात आपोआप जुळले. केवढा हा भाव! आधी एकीने तिच्या पायांना हात लावला. मग सगळ्याच लावू लागल्या. गेल्या दोन गुरुवारी तर मायच्या आधी तिच्या पाया पडल्या होत्या.

“त्यांना वावड्याचं सांगितलंस?”

“बसल्यावर बोलायचं नसतं.”

“उठल्यावर?”

कुमुदिनीने नाक पुसलं.

“बरं,” माय म्हणाली. “आजपासून भुरी गोठ्यात. बाहेरून कडी. तू गोधडी धुऊन टाक, चटई नवी घे.”

आणि ती लगेच उठली. भुरीला काखोटीला मारलं, गोठ्यात सोडलं, कडी घातली, परत येऊन वाती वळू लागली.

इतकं सोपं?

कुमुदिनीला बरं वाटायला हवं होतं. उलट तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मागितल्याबरोबर दिलं, म्हणून राग. न मागता दिलं नाही, म्हणूनही राग. दगडावर तिने गोधडी अशी आपटली, की शेजारी धुणं धूत असलेली तिची सोबतीण म्हणाली, “अगं, गोधडी आहे ती. वैरी नव्हे.”

तीन दिवस ती कोरड्या डोळ्यांनी बसली. तिसऱ्या दिवशी श्वास पुरता मोकळा झाला.

चौथ्या दिवशी गुरुवार होता.

त्या पहाटे ती चूळ भरायला निघाली, आणि वाट वाकडी करून गोठ्याशी गेली. आत भुरी ओरडत होती. बिचारीला भूक लागली असेल, असं कुमुदिनीच्या मनात आलं. आजवर तिने भुरीला कधी बिचारी म्हटलं नव्हतं.

तिने कडी काढली.

जरा वेळाने मांडीवर ओळखीचं ऊबदार ओझं आलं. घसा आवळला. डोळ्यांना धार लागली. पायऱ्यांवर जोडव्यांचा आवाज झाला.

“बघा, बघा, देवासाठी कशी रडतीय पोर,” ठकूबाई म्हणाली. वाडीत तीच सगळ्यांत म्हातारी. “नाहीतर आमच्या सुना. कांदा चिरल्याबिगर डोळ्यांत पाणी नाही.”

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सगुणा तेवढी हसली नाही. तिच्या कडेवर तान्हं होतं.

“आत्याबाई, याचे डोळे चार दिस झाले चिकटलेत. वैद्य पार बाजाराच्या गावाला. म्हटलं, आधी हिच्या आसवांचं एक बोट लावून बघावं.”

“लाव की. त्याहून मोठं औषध कुठलं?”

कुमुदिनीचे डोळे मिटलेलेच होते. गालाला लुगड्याचा पदर लागला. कुणीतरी तिचं आसू टिपून घेत होतं. बाळ कुरकुरलं.

वीस दिवस उरले होते…

वीसच दिवस…

तिने डोळे उघडले. पदराचं टोक बाळाच्या डोळ्यापासून चार बोटांवर होतं.

“लावू नकोस!”

ती इतक्या मोठ्याने ओरडली, की बाळाने भोकाड पसरलं. एका हाताने तिने भुरीला मांडीवरून ढकललं, दुसऱ्याने सगुणाचा पदर झटकला.

“भाव नाही तो! मांजराचं वावडं आहे मला! शेंबूड आहे हा, शेंबूड! कसली आसवं घेऊन बसलात? लेकराला आधी वैद्याकडे न्या!”

सगुणाने बाळाला छातीशी धरलं.

“मग इतके दिवस?” सगुणा म्हणाली. आवाज बारीक होता, पण चिरत गेला. “चार महिने पाया पडतोय आम्ही तुझ्या.”

“पडा म्हणून मी सांगितलं होतं?”

“पाय तरी मागं घेतलेस का एकदा?”

कुमुदिनीने आत्ता कुठे पाय मागे घेतले. तिचा संताप आणखी चढला.

“कडीसुद्धा मीच काढली,” ती म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. “मायने मांजर कोंडलं होतं. आज तुम्ही येणार, म्हणून मीच सोडलं.”

सगुणाने बाळाला खांद्यावर टाकलं आणि मागे न बघता पायऱ्या उतरू लागली. ठकूबाईही गुडघ्यांवर हात टेकून उठली.

“थांब गं सगुणे, वैद्याकडं मीबी येते.” मग कुमुदिनीकडे वळून म्हणाली, “मांजर डोळे मिटून दूध पितं, हे ऐकून होते. तू तर बाई मांजराच्याच जिवावर प्यालीस.”

एकेक करत सगळ्या उतरून गेल्या. फुलांची परडी तिथेच राहिली. ऊन अजून पायरीपर्यंत पोहोचलं नव्हतं.

कुमुदिनी तरातरा मायपुढे जाऊन उभी राहिली.

“मोडलं वर्ष. झालं समाधान?”

मायने हातातली वात खाली ठेवली.

“तुम्हाला ठाऊक होतं. कडी घातलीत तेव्हाच ठाऊक होतं ना, की मी ती काढणार? मग कुलूप का नाही लावलंत?”

माय उठली. पायात घोटाळणाऱ्या भुरीला उचलून गोठ्यात ठेवून आली. रांजणाशी जाऊन हात कोपरापर्यंत धुतले. पुन्हा धुतले. मगच कुमुदिनीच्या जवळ आली.

“बोला ना काहीतरी!” कुमुदिनी ओरडली. आता मात्र ती खरंच रडत होती.

…

“आज पहिल्यांदा बसलीस,” माय म्हणाली.